दुसरी किल्ली

ओझरच्या दिशेने विमानाची घरघर आली की आमच्या सोसायटीतली पोरे आजही गच्चीकडे धाव घेतात. 1964 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे आला, तेव्हापासून नाशिककरांच्या तीन पिढ्यांचे कान या आवाजाला सरावले आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये तेथेच जुळवलेल्या ‘तेजस मार्क वन-ए’ ने पहिले उड्डाण केले, त्यानंतर शेजारच्या सातवीतल्या मुलाने मला विचारले, ‘‘आजोबा, असे विमान घरी बांधता येते का?’’

लढाऊ विमान नाही. पण छोटे विमान येते. आणि त्यासाठी अमेरिकेकडे पाहायलाच हवे असेही नाही. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीतल्या चारकोपला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मुंबईकरांनी पाहिले. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, 2019 साली उड्डाणाचा परवाना मिळाला आणि 2020 साली आपल्या शेजारच्या धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. विमान बांधून तयार असतानाही कागदांनी एवढी वर्षे घेतली. ‘सरकारी खाक्या!’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण प्रश्न एवढा सोपा नाही.

परदेशात तयार भागांचा संच किंवा नुसते आराखडे विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारे हजारो हौशी लोक आहेत. त्यांतलेच एक ‘लाँग-ईझी’ हे विमान. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर याने असे एक विमान विकत घेतले होते. दुसऱ्याच कुणीतरी बांधलेले. मूळ आराखड्यात एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर इंधन वळवणारा खटका वैमानिकाच्या समोर, हाताशी होता. बांधणाऱ्याने तो मागे, डाव्या खांद्यापाशी हलवला. हेतू चांगलाच होता: इंधनाच्या नळ्या वैमानिकाच्या कक्षात नकोत. परंतु त्या खटक्यापर्यंत हात न्यायचा तर सगळे अंग मागे वळवावे लागे, आणि वळताना उजवा पाय नकळत सुकाणूच्या पेडलवर दाबला जाई. 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ हे विमान समुद्रात कोसळले आणि डेन्व्हर गेला. चौकशीत इंधनाचा अपुरा विचार, त्या विमानाचा अपुरा सराव अशी इतर कारणेही निघाली. पण हलवलेला खटका त्यांत ठळक होता.

माझी उभी नोकरी बँकेत गेली. तिजोरीला दोन किल्ल्या: एक अधिकाऱ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. नवा असताना मला तो अविश्वास वाटे. तेव्हा आमचे म्हातारे हेड कॅशियर म्हणाले होते, ‘‘साहेब, हे चोरासाठी नाही. संध्याकाळी दमलेल्या प्रामाणिक माणसासाठी आहे.’’ पुढे माझ्याच बेरजेतली चूक त्यांनी दोनदा पकडली, तेव्हा मला ते पटले.

विमानालाही हीच दुसरी किल्ली लागते. स्वतः ठोकलेला रिव्हेट स्वतःला नेहमी चांगलाच दिसतो. म्हणून तर सुकाणूच्या तारा जोडल्या की त्या दुसऱ्या जाणकाराने स्वतंत्रपणे तपासायच्या, असा विमानविद्येतला दंडक आहे. अमेरिकेत हौशी बांधणी म्हणवून घ्यायला निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांच्या हातचे असावे लागते. त्यानंतर साधारण 25 ते 40 तास, ठरवून दिलेल्या हद्दीत, चाचणीची उड्डाणे. पुढे मोठा बदल केला, तर पुन्हा किमान पाच तास चाचणी. बदल लहान वाटतो, पण इंजिन थोडे जड झाले की तोल सरकतो आणि तोल सरकला की विमानाचा स्वभाव पालटतो. 2012 साली तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने घरबांधणीच्या विमानांचा अभ्यास केला, तेव्हा इंजिनाचे बिघाड आणि ताबा सुटणे ही अपघातांची मुख्य कारणे निघाली. आदल्या वर्षी अपघात झालेल्या अशा विमानांपैकी निम्म्याहून जास्त मालकांनी विमान स्वतः बांधलेलेच नव्हते, ते जुने विकत घेतलेले होते. पहिल्याने काय हलवले, हे दुसऱ्याला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद वहीत हवी आणि ती वही विमानाबरोबर नव्या मालकाकडे गेली पाहिजे.

आपल्याकडे परवानगी वर्षानुवर्षे अडते, तेव्हा तरुण म्हणतात की तपासणी सैल करा. मला वाटते, मागणी उलटी हवी. तपासणारे वाढवा. ओझरला आयुष्यभर विमाने जुळवलेले निवृत्त कारागीर याच शहरात राहतात. हौशी बांधणाऱ्याच्या गच्चीवर जाऊन त्यांनी पान्याने प्रत्येक नट तपासावा, वहीत सही करावी आणि त्या सहीला सरकारदरबारी मान असावा. त्याने विलंबही घटेल आणि धोकाही.

शेजारच्या मुलाला मी एवढेच सांगितले, ‘‘बांध बाबा, जरूर बांध. पण दुसरी किल्ली कुणाकडे द्यायची, ते आधी ठरव.’’