टायर फुटणे ही दैवी आपत्ती नव्हे

गणेशोत्सव जवळ आला की मुंबई-गोवा महामार्गावरून पेण, वडखळ, नागोठणे ओलांडीत कोकणात जाणाऱ्या वाहनांची रीघ लागते. कुंडलिकेच्या काठावरील रोहा-अष्टमी परिसरात तर धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे मालमोटारींची वर्दळ वर्षभर असते. पाच जणांच्या मोटारीत सात माणसे आणि टपावर सामानाचा डोंगर, हे दृश्य आता कोणालाच खटकत नाही. पुढे अपघात झालाच, तर ‘टायर फुटला, कोण काय करणार?’ एवढे बोलून सारे मोकळे होतात.

ही पळवाट मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद केली आहे. २०१० साली पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या मोटारीचा टायर फुटून अपघात झाला व एका प्रवाशाचा मृत्यू ओढवला. त्याच्या कुटुंबीयांना मंजूर झालेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांच्या भरपाईविरुद्ध विमा कंपनीने अपील केले. टायर फुटणे ही दैवी घटना होय, असा तिचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती शिवकुमार डिगे यांनी तो फेटाळला आणि टायर फुटणे हा मानवी निष्काळजीपणा ठरविला.

या निर्णयाला विज्ञानाचाही आधार आहे. वाहनाचा भार वस्तुतः टायरमधील कोंडलेली हवाच पेलते. हवा कमी असली वा ओझे जास्त झाले, की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, उष्णता साठते, आतील धाग्यांचे थर सुटू लागतात आणि भर वेगात टायर फुटतो. प्रत्येक टायरवर त्याचा भारांक कोरलेला असतो. ८२ हा भारांक म्हणजे जास्तीत जास्त ४७५ किलो, आणि तेही हवेचा दाब योग्य असेल तरच.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींच्या भाराची मर्यादा वाढविली. चार टायरांच्या एका आसावर १०.२ टनांऐवजी ११.५ टन चालतील, असे ठरले. परंतु राजपत्रातील आकडा बदलला म्हणून टायरवर कोरलेला आकडा बदलत नाही. जादा भारासाठी कायद्यात वीस हजार रुपये आणि पुढील प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड आहे. तो केवळ चालकाला नव्हे, तर तसे वाहन चालवू देणाऱ्यालाही लागू होतो. प्रत्यक्षात मात्र रस्त्यावर सापडतो तो पगारी चालक. माल किती भरावा हे ठरविणारा मालक बहुधा दूरच राहतो. तपासणी रस्त्याऐवजी माल भरण्याच्या फाटकापाशीच झाली, तर हा अन्याय पुष्कळसा टळेल.

खासगी मोटारवाल्यांना मात्र अशी सबब नाही. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी, टायर थंड असताना, हवेचा दाब मोजून घ्यावा. पूर्ण भारासाठी किती पौंड हवा लागते, हे बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच लिहिलेले असते. पेट्रोल पंपावर हवा मोफत देण्याचे बंधन आहे. सुटे चाकही त्याच वेळी तपासून घ्यावे. एवढे पाच मिनिटांचे काम टाळून पुढे दैवाला बोल लावण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.