क्यूआर संकेत आणि गुरुजी

वर्गांत पडदा लागला म्हणजे शिक्षण सुधारलें, असें कित्येक पालक मानतात. आम्हांस तें मान्य नाहीं. परितेवाडी (जि. सोलापूर) येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर संकेत बसविले, 2020 सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. (अर्धी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांस देण्याचें त्यांनीं जाहीर केलें!) परंतु त्या काळ्या चौकोनांत विद्या नसते, कविता गुरुजींनींच अगोदर नीट म्हणून ठेवावी लागते. यंत्र चालविणें चार दिवसांत येतें, तें केव्हां बंद ठेवावें हें कळावयास वर्षें लागतात. वर्गांत न उमगलेला भाग मूल घरीं पुन:पुन्हा ऐकूं शकतें, हा खरा लाभ. ज्या घरीं मोबाईल नाहीं, तेथील मुलांसाठीं शाळेनें सायंकाळीं एक वर्ग उघडा ठेवावा.