दार बंद करण्याची सभ्य रीत

अमेरिकेतील युटा राज्यात प्रोव्हो नावाचे शहर आहे. तेथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठ हे ‘मॉर्मन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाचे विद्यापीठ. स्त्रीजीवनाच्या संशोधनासाठी १९७८ साली तेथे एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. एकतीस वर्षे ती चालली. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला.

कोणी विचारील, ‘फादर, सातासमुद्रापलीकडच्या त्या संस्थेचे आपल्याला काय? त्यांचा बाप्तिस्मासुद्धा आपली ख्रिस्तसभा ग्राह्य धरीत नाही.’ खरे आहे. २००१ साली रोमने तसा निर्णय दिला आहे आणि श्रद्धेतील ही दरी आम्ही नाकारीत नाही. परंतु शेजाऱ्याच्या घराला आग लागली, तर त्याचा धर्म कोणता हे आपण विचारीत बसत नाही. आपल्या छपरावर ठिणगी पडली नाही ना, हेही त्याच वेळी पाहतो.

विद्यापीठाचा खुलासा मोठा सभ्य होता. संशोधनाची साधने विखुरलेली न ठेवता ती निरनिराळ्या विभागांतील अभ्यासकांना थेट द्यावीत, म्हणजे काम अधिक बळकट होईल, असा त्याचा आशय. स्त्री-अभ्यासाचा अभ्यासक्रम बंद झाला नाही. तो समाजशास्त्रीय विद्याशाखेकडे सोपविण्यात आला आणि तेथे तो पुढे चालू राहिला. न्यायाने बोलायचे तर हेही सांगितलेच पाहिजे.

मग आमची तक्रार कशाबद्दल? ‘हे काम आता सर्वांचे आहे’ या गोड वाक्याबद्दल! बारभाईंची शेती, काय लागेल हाती, असे आपले वाडवडील सांगून गेले. स्वतंत्र संस्था असते तेव्हा विद्यार्थिनीला कोणते दार ठोठवायचे ते ठाऊक असते. जमविलेली माहिती एका ठिकाणी जपली जाते. ‘यंदा काय केलेत?’ असा प्रश्न विचारायला उत्तरदायी व्यक्ती असते. काम दहा विभागांत वाटले, की प्रत्येक विभागाला आपला मुख्य विषय आधी आठवतो आणि स्त्रियांचा प्रश्न वेळ उरल्यास घ्यावयाचा ठरतो.

हे आम्ही पुस्तक वाचून सांगत नाही. आमच्या धर्मग्रामात आजाऱ्यांच्या भेटीस जाणारा भगिनींचा एक गट होता. ‘ही सेवा एकट्या महिलांचीच का? ती सगळ्यांनी करावी,’ असे आम्हीच वेदीवरून जाहीर केले आणि तो गट विसर्जित केला. सहा महिन्यांत आजाऱ्यांना भेटणारे कोणीच उरले नाही. आमचा हेतू शुद्ध होता. परंतु शुद्ध हेतूने उपाशी माणसाच्या घरी पेज पोहोचत नाही.

मॉर्मन स्त्रियांना तर स्वतःचा थोर वारसा आहे. सर्व अमेरिकेत स्त्रियांचा मताधिकार १९२० साली घटनेने मान्य झाला. युटाच्या स्त्रियांना तो १८७० मध्येच मिळाला होता. १८८७ मध्ये तो काढून घेण्यात आला आणि १८९६ मध्ये त्यांनी तो परत मिळविला. १८७२ पासून १९१४ पर्यंत त्यांनी ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे स्वतःचे नियतकालिक चालविले. ज्यांच्या पणज्यांनी हे केले, त्यांच्या हातून हक्काची जागा जावी, हे दुःखदायक आहे.

धार्मिक विद्यापीठावर तर अधिक मोठी जबाबदारी असते. ज्याचा सत्यस्वरूप परमेश्वरावर विश्वास आहे, त्याने संशोधनाला का भ्यावे? पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात स्त्रियांचे सार्वजनिक जीवनातील पदार्पण हे आपल्या युगाचे एक लक्षण मानले. प्रभू येशू विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीशी धर्माची गहन चर्चा करीत बसला. पुनरुत्थानाची वार्ता त्याने प्रथम मरिया मग्दालेनेच्या हाती दिली. तिच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा मिळायला मात्र २०१६ साल उजाडावे लागले!

आता आपल्या छपराकडे पाहू. प्रोव्होची संस्था बंद झाली त्याच २०१० साली भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने स्त्री-पुरुष समानतेविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. किती धर्मग्रामांत ते वाचले गेले? त्यासाठी कोठे एखादी खोली आहे, एखादी जबाबदार व्यक्ती आहे, जमाखर्चात एखादी ओळ आहे? नसेल, तर प्रोव्होला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी चालू असलेले दार बंद केले. आपण तर दार बसविण्याआधीच त्यावर फलक लावला.

मे महिन्यात आपण मरियामातेच्या पुतळ्यापुढे फुले वाहतो. ती अवश्य वाहावीत. परंतु तिच्या लेकींना बसण्यासाठी हक्काची जागा आणि बोलण्यासाठी हक्काची वेळ नसेल, तर त्या फुलांचा सुगंध स्वर्गापर्यंत पोहोचेल काय? आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे. विसर्जित केलेला तो भगिनींचा गट आम्ही पुन्हा बोलावला आहे. त्यांची वही, त्यांचे कपाट आणि त्यांचा निधी त्यांच्याच हाती राहील.