आर्चबिशप गेले, पण गावातल्या चर्चवर नजर कोणाची? समजून घ्या ‘आर्चडीकन’ हे पद

नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. जॉन स्माइथ नावाच्या वकिलाने ख्रिस्ती शिबिरांच्या आडून १०० हून अधिक मुलांचा आणि तरुणांचा छळ केला होता. २०१३ मध्ये कळूनही वेल्बींनी पुरेसा पाठपुरावा केला नाही, असा ठपका मेकिन अहवालाने ठेवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या जागी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. कँटरबरीला पहिल्यांदाच महिला आर्चबिशप, त्यामुळे हेडलाइन तीच झाली.

पण स्थानिक चर्चची रोजची देखरेख आर्चबिशप करत नाहीत. ते काम आर्चडीकनचं.

आपल्या भाषेत सांगायचं तर बिशप म्हणजे जिल्हाधिकारी आणि आर्चडीकन म्हणजे प्रांताधिकारी. छत गळतंय, हिशेब जुळत नाही, पाद्रीबद्दल तक्रार आहे, की गाठा आर्चडीकनला. जुन्या काळापासून त्याला ‘बिशपचा डोळा’ म्हणतात.

इंग्लंडमध्ये हे पद नवव्या शतकापासून दिसतं. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर प्रत्येकाला ठरलेला इलाखा मिळाला, पुढे स्वतःचं कोर्टही. व्यभिचारापासून चर्चला दांडी मारण्यापर्यंत सगळ्याचे खटले तिथे चालत. वसुलीमुळे हे लोक इतके बदनाम झाले की ‘आर्चडीकनला मोक्ष मिळेल का?’ असा प्रश्न बाराव्या शतकात चेष्टेने विचारला जायचा. या पदावर पहिली महिला यायला मात्र १९९६ उजाडलं: टनब्रिजच्या ज्युडिथ रोझ.

मुंबईलाही आर्चडीकन होता बरं का. १८१३ च्या चार्टर कायद्यानंतर कलकत्त्याला बिशप आला आणि तिन्ही इलाख्यांना एकेक आर्चडीकन. मुंबईचा पहिला जॉर्ज बार्न्स. त्याच्या पुढाकाराने १८१५ मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. देवळालीची बार्न्स शाळा त्याच्याच नावाची. मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला थेट १८३७ मध्ये.

आता मूळ मुद्दा. आर्चडीकनला कायद्याने स्वतःचे अधिकार आहेत, पण नेमणूक बिशपच करतो. म्हणजे तपासणारा घरचाच. तक्रार बिशपच्या मर्जीतल्या माणसाबद्दल असेल तर? हाच प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये चर्चच्या सर्वसाधारण सभेपुढे, म्हणजे जनरल सिनॉडपुढे होता. मुलांच्या सुरक्षेचं सगळं काम बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे द्या, अशी अनेक पीडितांची मागणी होती. सिनॉडने राष्ट्रीय पातळीवरचं काम बाहेर द्यायचं ठरवलं. धर्मप्रांतांतल्या कामाचा मात्र आणखी अभ्यास होणार. म्हणजे जिथे तक्रारदार पहिल्यांदा दार ठोठावतो, ते दार सध्या तरी चर्चचंच राहिलं.