सामू म्हणजे काय रे?

गेल्या वैशाखात दादांचा गावाहून फोन आला. आमची रत्नागिरीकडची डोंगरउतारावरची वरकस जमीन, नाचणीची. तिची माती तपासून दादांनी मृदा आरोग्य पत्रिका आणली होती. "तू मराठीचा प्राध्यापक ना? मग सामू म्हणजे काय रे? आपला ४.९ आलाय."

वाचकहो, शब्द मला ठाऊक होता. आकड्याने मात्र तोंड बंद झाले. सामू सात म्हणजे माती आम्लही नाही आणि अल्कही नाही. त्याखाली एकेक अंक उतरला की आंबटपणा दहापट!

वीस वर्षांपूर्वी, नुकताच एम. ए. झालेला मी, राबाची राख नि शेणखत यांवर विसंबलेल्या दादांना "युरिया घाला" म्हणून पत्रांमागून पत्रे धाडीत होतो. दादांनी ऐकले. नाचणी तरारलीही. पण युरियाचा अमोनिया होतो, त्याचे नायट्रेट करताना जमिनीतले जिवाणू आम्ल सोडतात, आणि पिकाने न उचललेले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली जाताना मातीतला चुनाही घेऊन जाते. कोकणातला पाऊस तो! आमची तांबडी माती मुळातच आंबट, हे खरे. सारा दोष खताचा नव्हे. देशावरच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, तिला हे सहज बाधत नाही.

इंग्लंडात रॉथॅमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५६ साली एका कुरणाचे पट्टे पाडले. तो प्रयोग अजून चालू आहे. काही पट्ट्यांना अमोनियम सल्फेट, काहींना सोडियम नायट्रेट, नत्र दोहोंतही. सोडियम नायट्रेटने माती आंबली नाही. सल्फेटच्या, चुना न दिलेल्या पट्ट्यांत सामू चारच्याही खाली गेला. बिनखताच्या पट्ट्यात तिसांहून अधिक जातींची गवते नि रानफुले आहेत, तर इथे दोन-तीन गवतेच तगली. गांडुळे नाहीत, म्हणून मेलेले गवत न कुजता चटईसारखे साचून राहते. १९०३ पासून पट्ट्यांच्या काही भागांना चुना देऊ लागले; तेथली माती सावरली.

हे सारे मी दादांना सांगितले. पट्ट्यांचे जरा जास्तच रंगवून. मास्तरांची खोड!

"म्हणजे चुना घालायचा," दादा म्हणाले. "आणि राख चालेल?"

राखेतही अल्क असते. चालेल, म्हटले, पण चुना किती, ते कृषी सहायकांना विचारूनच घाला, आणि युरिया निम्म्यावर आणून शेणखत वाढवा.

"बरं," एवढेच म्हणून त्यांनी नाचणीच्या पेरणीची गोष्ट काढली. माझ्या पत्रांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.