निर्माता म्हणून नाव कुणाचे?

सिनेमा सुरू होताना पडद्यावर नावांची यादी सरकते, तेव्हा प्रेक्षक खुर्ची शोधत असतात. आम्ही पडलो हिशेबाच्या वह्यांत बसणारे कारकून. आमची नजर आधी ‘निर्माता’ या शब्दावर जाते. पैसा कुणी लावला आणि हक्क कुणाच्या नावावर राहिला, हे त्या एका ओळीत कळते.

याच कारणाने नागराज मंजुळे यांच्या ‘आटपाट’ या संस्थेकडे आमचे लक्ष आहे. कहाणीतल्या आटपाट नगरात राजा-राणी असतात. या आटपाटात मात्र जब्याच्या जातीची माणसे नायक होतात. करमाळा तालुक्यातल्या जेऊर गावचा, वडार समाजातला हा मुलगा अहमदनगरला शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट करतो आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. पुढे २०१४ साली ‘फँड्री’ चित्रपटगृहांत आला. त्याचे निर्माते दुसरे होते. २०१६ च्या ‘सैराट’च्या वेळी मात्र झी स्टुडिओजच्या बरोबरीने आटपाटचे नाव लागले. दिग्दर्शक आता भागीदारही झाला होता.

भागीदारीने काय फरक पडतो, असे कुणी विचारील. त्याने ‘सैराट’ नंतर २०१८ चा हिंदी ‘धडक’ पाहावा. झी तिथेही होतीच, पण सोबत आटपाट नव्हते, करण जोहरांची धर्मा प्रॉडक्शन्स होती. दिग्दर्शकही बदलला. कथा करमाळ्याहून उदयपूरला गेली आणि वाटेत जात जवळजवळ गळून पडली. उरले ते श्रीमंत घरची मुलगी आणि साध्या घरचा मुलगा. असे सिनेमे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

उलट २०२२ चा ‘झुंड’ घ्या. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे, जयंतीचा जल्लोष आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभे असलेले अमिताभ बच्चन. पैसा टी-सीरिजचाही होता, हे लपवायचे कारण नाही. एवढा मोठा चित्रपट एकट्याच्या खिशातून होत नाही. पण टेबलाच्या या बाजूला आपल्यातला माणूस सही करणारा म्हणून बसला होता, म्हणून ते दृश्य कापले गेले नाही, असे आमचे मत आहे.

संस्था असली की आणखी एक गोष्ट घडते, दुसऱ्यांनाही दार उघडते. ‘सैराट’चे कॅमेरामन सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘नाळ’ आटपाटमधूनच आला. ‘नाळ २’ ला तर २०२५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला. मालिकांकडेही पाऊल पडले आहे. प्राइम व्हिडिओने २०२४ साली जाहीर केलेल्या ‘मटका किंग’मध्ये आटपाटचे नाव आहे. तमिळनाडूत पा. रंजित यांची ‘नीलम’ हेच करते. मारी सेल्वराज यांचा पहिला चित्रपट तिनेच काढला. आणि शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय लेखकाने आपल्या कादंबरीवर दुसऱ्याने चित्रपट काढावा याची वाट पाहिली नाही. शेतकऱ्यांना शेअर विकून त्याने स्वतःची कंपनी उभी केली आणि १९१९ साली चित्रपट पडद्यावर आणला. आमच्यासारख्या बी. कॉम. झालेल्याला हा माणूस फार आवडतो.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. अहिराणी गाणी मोबाइलवर लाखो लोक पाहतात. जळगाव-धुळ्याची पोरे गातात, नाचतात, कॅमेरा धरतात. पण चॅनेल कुणाच्या नावावर आहे, असे विचारले की एकमेकांची तोंडे पाहतात. आमच्या परिचयाचे एक वयस्क भीमगीतकार आहेत. कॅसेटच्या काळात त्यांनी कितीतरी गाणी एकरकमी देऊन टाकली. कसल्या कागदावर सही केली, त्याची प्रतसुद्धा जवळ नाही. गाणी आजही जयंतीला वाजतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माताच. त्याचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांची बाजू आणखी भक्कम केली. चित्रपटातले गाणे चित्रपटगृहाबाहेर वापरले गेले, तर रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा करारानेही कंपनीला काढून घेता येत नाही. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्यांनाही असेच संरक्षण आहे. गाणाऱ्या-लिहिणाऱ्या बांधवांनी एवढे तरी वहीत टिपून ठेवावे.

मध्यंतरी धुळ्याची तीन मुले आमच्याकडे आली होती. १९३७ साली बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. दर ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते, त्यावर त्यांना माहितीपट करायचा आहे. कॅमेरा एकाचा, लेखन दुसऱ्याचे, पैसे तिसऱ्याच्या मामांचे. निर्माता म्हणून नाव कुणाचे, हे आम्ही विचारले. ते त्यांनी ठरवलेच नव्हते. भागीदारीच्या कराराचा मसुदा लिहून दिला आहे. मामांची सही तेवढी बाकी आहे.