खपणारे गाणे आणि धवलारिणीचे ऋण

नवरात्राचे घट बसले की भिवंडी तालुक्यातील वाटा वज्रेश्वरीकडे वळू लागतात. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसपूर्तीतून हे मंदिर उभे राहिले, असे परंपरा सांगते. येथील अनेक आगरी-कोळी घराण्यांची कुलस्वामिनी मात्र कार्ल्याची एकवीरा. तिच्या नावाची गाणी या दिवसांत यंत्रमागांच्या खडखडाटावरही मात करून मंडपामंडपांतून ऐकू येतात. ही गाणी अमाप खपतात. म्हणून ती हिणकस ठरतात काय, हा प्रश्न आम्हांस आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

जे खपते त्यात कस नसतो, हे मत सुशिक्षित वर्गात फार दृढ आहे. आम्हांस ते मान्य नाही. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे स्वर लाभलेले ‘मी डोलकर’ घराघरांत पोहोचले. त्याने त्याचे मोल घटले नाही. प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांच्या ध्वनिफिती रस्त्यावरच्या टपऱ्यांवर विकल्या गेल्या. जाणकारांच्या बैठकींत मात्र त्यांचे नाव क्वचितच निघाले. २००४ साली ते निवर्तले, तरी आषाढीला त्यांचा आवाज लागत नाही असे गाव शोधावे लागेल. लोकप्रियता दोन्हीकडे होती. एकीकडे तिला कीर्ती म्हटले गेले, दुसरीकडे धंदा. हा न्याय नव्हे.

१९८० च्या दशकात ध्वनिफीत स्वस्त झाली आणि गावच्या गायकालाही आपला आवाज दूरवर पोहोचविता येऊ लागला. जी बोली ऐकून शहरात लोक हसत, तीच ‘वेसावकर आणि मंडळी’सारख्या संचांनी मानाने मिरविली. हे उपकार विसरता येणार नाहीत. पण त्याच सोयीने उतावीळपणाही आणला. दर सणाला नवा माल हवा. मग गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर देवीचे नाव बसवावयाचे. चाल उसनी घेणे हा काही नवा दोष नव्हे. भजनी मंडळांनी नाट्यपदांच्या चाली आनंदाने घेतल्या. परंतु त्यांनी त्या घोटून आपल्याशा केल्या. येथे हात जोडावेत तर डोळ्यांपुढे पडद्यावरचा नाच उभा राहतो.

तथापि आमची खरी तक्रार याहून निराळी आहे. आगरी लग्नांत धवलारीण असते. ही वडीलधारी स्त्री धवले गाऊन देवांना आणि पूर्वजांना मांडवात बोलाविते; तिच्या गाण्याबरोबर एकेक विधी पुढे सरकतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने रचलेल्या ‘धवळ्यां’मुळे या गीतप्रकाराचे नाव मराठी वाङ्मयात अमर झाले आहे. धवलारिणीच्या गायनाला ध्वनिवर्धक लागत नाही की टाळीची अपेक्षा नसते; आणि ते विकलेही जात नाही. आज हळदीच्या रात्री डीजेवर मोठी रक्कम खर्च होते. धवलारिणीस मात्र अनेक मांडवांत लवकर आटोपावयास सांगतात. नातवंडांना शब्द ठाऊक नसतात.

अशा आयाबायांच्या गळ्यातून आलेल्या कितीतरी चाली बाजारात गेल्या. वेष्टनावर नाव छापले गेले ते केवळ ‘पारंपरिक’. विहिरीचे पाणी विकावयास आमची हरकत नाही; पण तिचा गाळ काढणार कोण? लोकसंगीताची विश्वासार्हता खपाच्या आकड्याने बुडत नाही, ती हे ऋण नाकारल्याने बुडते. आज कोट्यवधी लोक जे गाणे मोबाइलवर ऐकतात, त्याच्या कर्त्यांनी आपल्या गावच्या एका तरी धवलारिणीचे नाव त्याखाली लिहावे आणि मिळकतीचा वाटा तिच्या पदरात घालावा, ही अपेक्षा गैर आहे काय?

घरोघरीही काही करता येईल. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहानंतर, आणि सवलतीच्या दिवशी बारानंतर, ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो. त्या शांततेत घटापाशी घरातल्या आजीला बसवावे आणि लेकीसुनांनी तिच्याकडून एकेक धवला शब्दशः उतरवून घ्यावा. तुळशीविवाहानंतर लग्नसराई सुरू होईल. तोपर्यंत एक धवला जरी कोणाच्या गळ्यात उतरला, तरी यंदाचे नवरात्र सार्थकी लागले असे आम्ही समजू.